लाल काठाकडून बघा

या मित्रांनो, जवळ या. चपला पायरीवर काढा आणि लाजू नका, माझ्या अंगावरच बसा. त्यासाठीच माझा जन्म आहे. पण आज तुमचं गाणं सुरू होण्याआधी थोडं माझं ऐका. एक गोष्ट सांगते. गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण ती माझ्यासमोर घडली आहे, आणि ती सांगायला आता फारसं कोणी तयार नसतं.

मी एक जुनी, एका टोकाला जळालेली सतरंजी आहे. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मला विणायला घेतलं आणि पुढच्या नाताळाच्या आधी मी पुरी झाले. एवढा वेळ का लागला? तेव्हा सुतावर सरकारी कंट्रोल होतं, ते मोजूनमापून मिळे. नागपुरातल्या हातमागांनाच पुरेसं सूत मिळत नव्हतं, तिथे सतरंजीला कोण देणार? पण जनाबाईच्या मनाने घेतलं होतं.

जनाबाई म्हणजे उमरेडच्या विणकराची लेक आणि इथल्या विणकराची सून. नवरा-बायको दोघांनी प्रभू येशूचं नाव घेतलं. पुढे नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. वस्तीच्या कडेला आमचं चर्च होतं: मातीच्या भिंती, सागाचे वासे, वर कवेलूंचं छप्पर. मंडळीत सारी सत्तर-ऐंशी माणसं. बाक नव्हते, लोक जमिनीवर गोणपाट टाकून बसत. चर्च झाडायचं, पाणी भरायचं, समईची तेलवात करायची, हे जनाबाईने आपणहून अंगावर घेतलं होतं. कीर्तनाला बसलेली म्हातारी माणसं गोणपाट टोचून मांड्या खाजवत राहतात, हे तिला बघवत नव्हतं.

मागावरून लुगडं कापून उतरवलं की ताण्याची वीत-दीड वीत टोकं मागे उरतात. विणकर ती टाकून देतात, नाहीतर त्यांच्या वाती वळतात. जनाबाई घरोघर जाऊन ती टोकं मागू लागली. शेजारी जागेश्वर नावाचा विणकर होता. घरी गणपती बसवणारा, मनाने मऊ, जिभेने तिखट.

"काहून वं जनाबाई," तो म्हणायचा, "तुह्या देवाले टोकंच चालते काय? अख्खी लडी नाई मांगत तो?"

"माह्या देवाले टोकंच आवडते गा. लड्या द्याले राजे-महाराजे आहेत."

जागेश्वर हसायचा आणि टोकांबरोबर एखादी लाल लडी हळूच तिच्या ओच्यात टाकायचा. माझा लाल काठ त्याच लड्यांचा. बाकी सगळं अंग टोकाला टोक बांधून झालेलं. हात फिरवून बघा, किती गाठी लागतात. अख्ख्या वस्तीची लुगडी आहेत माझ्यात.

अकरा हात लांब आणि चार हात रुंद झाले मी. एका टोकाला लाल काठ, दुसऱ्या टोकाला निळा. जनाबाईचा नियम पक्का होता: लाल काठ पुढे, कीर्तनकाराच्या पायाशी, निळा काठ मागे, सामानाच्या खोलीच्या दाराशी. कधी उलटं नाही. आणि लाल काठावर मधोमध हातभर उंचीची पितळी समई. हे ध्यानात ठेवा, मित्रांनो. पुढे लागेल.

आता कीर्तनाचं सांगते, कारण तुम्ही ते ऐकलेलं नाही. ईश्वरदास मास्तर आमच्या मंडळीच्या शाळेत शिकवत. अंगकाठी काडीसारखी, पण एकदा झांजा हातात आल्या की तो माणूस चार माणसांएवढा होई. साध्या प्रवचनात लोक जांभया देतात. मास्तर मात्र उपदेश गाऊन करत. आधी प्रार्थनेचं पद, मग दोन शब्द समजुतीचे, मग आख्यान. आख्यानात ओवी, साकी, मध्येच एक विनोद, आणि हसणारा माणूस कधी डोळे पुसू लागला ते त्याचं त्यालाच कळायचं नाही. त्यांचं लाडकं आख्यान एकच होतं: दहा नाण्यांतलं एक हरवलं म्हणून दिवा लावून सारं घर झाडणाऱ्या बाईचं. मास्तर कमरेत वाकून केरसुणी फिरवल्यासारखे माझ्या काठावर फिरत आणि गात,

"दिवा लाविते माउली, झाडी कोना कोना;
एक नाणे हरवले, जिवा चैन पडेना."

मग थांबून विचारत, "नऊ होती ना गा तिच्यापाशी? मग एकासाठी एवढं काहून?" आणि सत्तर माणसं एका सुरात उत्तर देत, "कारण ते तिचं होतं!" तो आवाज माझ्या गाठीगाठीत शिरायचा. जागेश्वरसुद्धा खिडकीबाहेर उभा राहून ऐकायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, "मी भाईरच बरा. आत आलो तर रडीन."

पण सगळ्यांनाच हे रुचत नव्हतं. मंडळीच्या पंचांचे प्रमुख होते भैयाजी. शाळेचा कारभारही त्यांच्याच हातात. हुशार, खटपटी माणूस. कोणी आजारी पडलं की दवाखान्यात पहिला हजर. पण समई दिसली की त्यांच्या कपाळावर आठी पडे. "आपण देवळातून भाईर आलो, का देऊळच उचलून आणलं?" असं ते चारचौघांत म्हणत. म्हातारी माणसं ऐकत नव्हती, म्हणून समई राहिली.

बावन्न सालचा मार्च होता. कापणीचा सण. लोकांनी गहू, तूर, संत्री आणून पुढे रचली होती. सकाळी कीर्तन झालं, दुपारी अंगणात चिंचेखाली पंगत बसली. संध्याकाळी प्रभुभोजन होतं, त्यासाठी वेदीवरची पांढरी चादर इस्त्री करायची राहिली होती. ते काम भैयाजींची बायको कौशल्या मागच्या सामानाच्या खोलीत करत होती. इस्त्री कोळशाची. चादर झाली तेव्हा तिने निखारे दाराजवळच्या फुटक्या घमेल्यात ओतले. बाहेरून हाक आली, "कौशल्याबाई, भात वाढाले या!" आणि ती तशीच धावली. मी आत अंथरलेलीच होते. माझा निळा काठ त्या दारापासून दोन हातांवर.

खिडकीतून वारा आला. घमेल्याला लागून बांबूचा तट्टा उभा होता. आधी तो धुमसला, मग दार, मग वरचा वासा. आणि मग माझा निळा काठ.

पंगतीत आरडाओरडा झाला. सगळे विहिरीकडे धावले. जनाबाई मात्र बाजूच्या दाराने आत आली. तिच्या मनात एकच होतं: माझी समई तर नाही ना पडली? समई उभी होती. शांत तेवत होती, जशी तिने लावली होती तशी. तिने डाव्या हातात समई उचलली, उजव्या हाताने माझा लाल काठ धरला आणि मला ओढत बाहेर आणलं. मागे मी पेटलेली होते. वरून पडलेल्या निखाऱ्याने तिचा हात भाजला, पण तिने काठ सोडला नाही.

मित्रांनो, लोकांनी काय पाहिलं? पेटलेल्या चर्चमधून एक बाई हातात जळती समई घेऊन बाहेर येत होती. बस. एवढंच पाहिलं. कोणीतरी ओरडलं, "समईनंच घात केला!" आणि छप्पर कोसळायच्या आधी निकाल लागून गेला.

मला विझवून भैयाजींच्या अंगणातल्या भिंतीवर वाळत टाकलं. त्यांचं घर चर्चला लागूनच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्या नवऱ्यापाशी हुंदके देत होती. "निखारे मी ओतले होते हो. त्या बिचारीच्या माथी काहून मारून राहिले सगळे?"

भैयाजींनी आधी अंगणाचं फाटक लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "छप्पर तर गेलंच, आता अब्रूही घालवतेस काय? पंचाच्या बायकोनं चर्च जाळलं म्हटलं तर वीट तरी देईन का कोणी? बांधकाम होऊ दे. मग मी सोताच सांगतो सगळ्याईले."

मला वाटतं, त्या वेळी ते मनापासूनच म्हणाले असतील. पण पुढे ढकललेलं सत्य हे सुतासारखं असतं. जितकं ठेवाल तितकं कुजतं.

जनाबाईकडून चर्चची कामं काढून घेतली. फक्त मला तिच्या अंगणात नेऊ दिलं: "ने ते जळकं फडकं." तिने मला धुतलं, जळलेल्या दशा कापल्या, आणि धुता धुता तिचा हात थांबला. लाल काठावर समईच्या तेलाचा डाग होता, पण एक तंतूसुद्धा होरपळला नव्हता. जळलं होतं ते निळं टोक, सामानाच्या खोलीकडचं. विणकराची लेक ती. कापड वाचता येत होतं तिला.

इकडे चर्च पुन्हा उभं करायचं ठरलं. बायकांनी मूठ सुरू केली: रोज चूल पेटवताना एक मूठ धान्य बाजूला ठेवायचं, आणि शनिवारी ते गोळा करून गवंडी-मजुरांची भाकर करायची. गोळा करायचं काम कौशल्याकडे होतं. जनाबाई एकटी राहायची, तरी दोन मुठी काढायची. एका शनिवारी कौशल्या दारात आली, तेव्हा तिच्या खांद्यावर दोन थैल्या होत्या. एक फुगलेली, एक रिकामी.

"ही दुसरी थैली काहून वं?" जनाबाईने विचारलं.

कौशल्याने मान खाली घातली. "बाया म्हणतात... जाळणारीचं धान्य आमच्यात मिसळू नको."

"अन् तू वेगळी थैली शिवून आणली?"

कौशल्या मटकन माझ्यावर बसली आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. इस्त्री, घमेलं, भाताची हाक, नवऱ्याचा शब्द. शेवटी तिने जनाबाईचे पाय धरले. "मावशी, मले माफ करा."

तुम्हाला वाटेल, जनाबाईने तिला पोटाशी धरलं असेल. नाही, मित्रांनो. तिने पाय ओढून घेतले.

"शिव्या मले चौघांत भेटल्या, कौशल्या. माफी तू घरात मांगून राहिली. असं नाई जमत. चौघांत सांग, मंग माह्या पोटात राग उरला तर म्हणजो."

"बांधकाम होऊ द्या मावशी. ते म्हणाले, मंग सांगू."

"मी साठीची झाली वं. भिंती चढाले किती दिवस लागते, मले माईत आहे."

त्याच आठवड्यात जनाबाई मला गुंडाळून काखेत घेऊन पंचांच्या बैठकीत गेली. भैयाजी होते, आणखी चार जण होते, आणि कोपऱ्यात ईश्वरदास मास्तर टिपण लिहायला बसलेले.

"मले काई बोलायचं नाई," ती म्हणाली. "ही फक्त उलगडून पाहा. लाल काठाकडून पाहा."

तिने माझी गाठ सोडायला हात घातला. भैयाजी म्हणाले, "इथं नको उलगडू, बाई. राख सांडंन."

राख! सात वेळा धुतलेलं अंग माझं. जनाबाईने मास्तरांकडे पाहिलं. माझा लाल काठ त्या माणसाच्या पायांखाली तीन वर्षं होता. समई कुठे असते, निळं टोक कुठे असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? एक शब्द पुरला असता. पण शाळा भैयाजींच्या हातात होती आणि घरी पाच खाणारी तोंडं होती. मास्तरांनी मान खाली घातली आणि ते टिपण लिहीत राहिले. एका नाण्यासाठी सारं घर झाडणाऱ्या बाईचं आख्यान गाणारा माणूस, समोर उभ्या असलेल्या बाईसाठी एक काडी उचलू शकला नाही. मला आगीने जाळलं त्याहून हे जास्त भाजलं.

"सतरंजी इथंच ठेव," भैयाजी म्हणाले. "सिमेंट झाकाले कामी येईन."

आणि मी सिमेंट झाकलं. चार पावसाळे आणि तीन उन्हाळे. विटा, रेती, चुना, सगळं अंगावर घेतलं. जनाबाई मजुरांबरोबर पाणी वाहायची, भाजलेल्या हाताला चिंधी गुंडाळून. गिरणीचा भोंगा झाला की बायका सावलीला बसत. तिच्याशेजारी कोणी बसत नसे. एकदा जागेश्वर रस्त्यावरून ओरडला, "जनाबाई, सोड वं हे! ज्याईनं तुले जाळणारी ठरवलं त्याईच्याच भिंती काहून चढवून राहिली?"

"भिंती त्याईच्या नाई गा," ती म्हणाली. "ज्याचं घर आहे, त्याले माईत आहे समई कुठं होती."

पंचावन्नच्या नाताळात नवं चर्च उघडलं. पक्क्या भिंती, शहाबादी फरशी, विजेचे दिवे, सागाचे बाक. दाराशी संगमरवरी पाटी. तिच्यावर भैयाजींचं नाव सगळ्यात वर. बाक आल्यावर जमिनीवर कोण बसणार? मला गुंडाळून घंटेच्या जिन्याखाली, शेवटच्या बाकामागे कोंबलं. पंचांनी ठराव केला की उपासनेत यापुढे समई नको, झांजा नको, कीर्तन नको. समई मोडीत घातली. मास्तर आता रविवारी फक्त सूचना वाचायचे. अमुक वाजता सभा, तमुक वाजता वर्ग. तो गळा, मित्रांनो! सूचना वाचायचा.

बांधकाम झालं होतं. कोणी काही सांगितलं नाही. जनाबाई दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायची, आणि पुढच्या बाकावरच्या कौशल्याच्या पाठीकडे बघत राहायची. कौशल्या कधी मागे वळली नाही. उपासना संपली की जनाबाई वाकून जिन्याखाली हात घालायची आणि माझा लाल काठ चाचपायची. एकदा तिने मास्तरांना गाठलं. मला सगळं ऐकू आलं.

"मास्तर, मरायच्या आधी एक कीर्तन होऊ द्या इथं. दुसरी समई आणून मी लावीन. लोकाईनं पाहू द्या, माह्या समईनं काई जळत नाई."

"जनाबाई, ठराव झाला आहे."

"ठराव माणसंच करते ना गा? का तोई वरून येते?"

मास्तर सूचनांचा कागद घडी घालून निघून गेले. अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीत तो हात जिन्याखाली यायचा थांबला. दोन रविवार झाले, तीन झाले. चौथ्या आठवड्यात लोकांनी जनाबाईची शवपेटी चर्चमध्ये आणली.

मंडळी बाकांवर बसली होती. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, प्रार्थना सुरू करणार, इतक्यात जिन्याखाली एक हात आला. जनाबाईचा नव्हे, या हातात बांगड्या होत्या. कौशल्या मला ओढत होती. मी जड झाले होते, सिमेंटने अंग कडक झालं होतं. गाठ सुटेना, तेव्हा तिने दातांनी सोडली. बाकांच्या मधल्या वाटेवर तिने मला अंथरलं. लाल काठ पुढे, पेटीशी. निळं टोक मागे. सहा वर्षांनी मी पहिल्यांदा चर्चमध्ये अंथरली गेले.

"हे पाहा," ती म्हणाली. "समई इथं होती. इथं तेलाचा डाग आहे अन् एक धागा जळला नाई. जळलं ते तिकडं, सामानाच्या खोलीच्या दाराशी. त्या दाराशी इस्त्रीचे निखारे मी ओतले होते. चर्च माह्या हातानं जळलं."

"कौशल्या, खाली बस," भैयाजी म्हणाले.

"सहा वर्षं बसलीच होती," ती म्हणाली आणि उभीच राहिली.

मग ती मागे वळली. "मास्तर, तिले कीर्तन पायजे होतं."

समई तर मोडीत गेली होती. कौशल्याने ओच्यातून जनाबाईची पितळी वाटी काढली, ज्या वाटीत ती शनिवारची मूठ ठेवायची, तीच. तिच्यात तेल होतं, वात होती. ती माझ्या लाल काठावर ठेवून तिने लावली. ईश्वरदास मास्तर उठले. झांजा नव्हत्या; त्यांनी टाळ्या धरल्या.

"दिवा लाविते माउली, झाडी कोना कोना..."

दुसरी ओळ त्यांना म्हणता आली नाही. ते माझ्या काठावर गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, "ती समोर उभी होती आणि मी टिपण लिहीत होतो." खिडकीबाहेर जागेश्वर उभा होता. मास्तरांची ती दुसरी ओळ बाहेरून त्याने म्हटली, बेसूर, खरखरीत.

मग लोकांनी माफी मागितली. एकेक जण पेटीशी येऊन हात जोडून गेला. भैयाजीही आले. पण मेलेल्या माणसाची माफी मागणं फार सोपं असतं, मित्रांनो. मेलेलं माणूस पाय ओढून घेत नाही.

त्यानंतर पंचांनी दोन ठराव केले. एक, जनाबाईचं नाव पाटीवर घालावं. दोन, मला फेकू नये, रविवारच्या शाळेतल्या मुलांना, म्हणजे तुम्हाला, बसायला द्यावं. दुसरा लगेच अंमलात आला, कारण त्याला काही कष्ट नव्हते. पहिल्याला आता दोन वर्षं झाली. बाहेर जाताना पाटी वाचा. तुम्हाला वाचता येतं. कीर्तन पुन्हा झालं नाही. मास्तर शाळा सोडून काटोलला मुलाकडे गेले. कौशल्याबाई अजून दर शनिवारी येते, मला झटकते, ऊन दाखवते, आणि अंथरताना लाल काठ पुढे घेते. तिच्याशी मंडळीतल्या बायका आता फारसं बोलत नाहीत. त्यांना वाळीत टाकायला कोणीतरी लागतंच.

तर मित्रांनो, सतरंजी जपा. ओली गुंडाळू नका, तिला ऊन दाखवा, तिच्यावर चपला आणू नका. आणि कोणी काखेत काही गुंडाळून तुमच्या दारात आलं आणि म्हणालं, एवढं उलगडून पाहा, तर राख सांडेल म्हणून त्याला थांबवू नका. सांडू दे राख. केरसुणी कशासाठी असते?

आता तुमचं गाणं सुरू करा. पण आधी जरा पुढे सरका आणि लाल काठावर मधोमध हात ठेवा. तेलकट लागतं ना? किती धुतलं तरी तो डाग जात नाही, आणि जाऊही नये. तिथे एक समई उभी होती. कधी पडली नाही. ती लावणारीचं नाव जनाबाई होतं. पाटीवर नाही, म्हणून तुम्ही लक्षात ठेवा.